स्पायडरमॅन कसला सामान्य, सामान्य तो काउंटरमागचा क्लार्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत कॉमिक्समधल्या सामान्य माणसावर पानभर लेख आलाय तो वाचला. लेख चांगलाय, चित्रंपण मस्त मोठी टाकलीत, पण लेखकाचा जो मेन मुद्दा आहे तो मला अजिबात पटलेला नाही आणि घरात कुणी ऐकून घेईना म्हणून तुम्हाला लिहितेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कॉमिक्समध्ये सामान्य माणूस आणला तो स्पायडरमॅनने, म्हणजे पीटर पार्करने, कारण तो गरीब, बुजरा, शाळेत टिंगल सहन करणारा, घरभाड्याच्या काळजीत असणारा पोरगा, आणि उद्या आपल्यापैकी कुणालाही तसा पॉवर देणारा कोळी चावला तर आपणही तसेच होऊ. आता ह्यात तो जो 'तर' आहे ना, सगळी गोची तिथंच आहे. ज्याला कोळी चावला तो सामान्य राहिलाच कुठे?

पार्करला त्याचं श्रेय आधीच देऊन टाकते, नाहीतर पोरंटोरं माझ्यावर तुटून पडतील. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकात तो पहिल्यांदा आला, स्टॅन ली लेखक आणि स्टीव्ह डिटको चित्रकार, आणि ते मासिक तसं बंदच पडायच्या बेतात होतं. तोपर्यंत ह्या अमेरिकन सुपरहिरोंच्या गोष्टीत शाळकरी पोरगा असला तर तो बहुतेक हिरोच्या मागे मागे पळणारा असिस्टंट, हा मात्र स्वतःच हिरो आणि वर ह्याला सर्दीपडसं, ह्याच्याकडे पैसे नाहीत, ह्याची काकू आजारी. पुढे १९६३ च्या मार्चमध्ये ह्याच्या नावाचा पहिला अंक आला त्यात ह्याला वाढवणारे बेनकाका गेल्यावर घरभाडं थकलेलं आहे आणि मेकाकू गुपचूप आपले दागिने गहाण टाकायला जाते आणि ते ह्याला दिसतं. हे मला मनापासून आवडलेलं आहे. सोनं गहाण टाकायला येणाऱ्या बाईचा चेहरा मी काउंटरच्या अलीकडून खूप वेळा पाहिलाय, ती पर्स छातीशी धरते आणि ओळखीचं कुणी नाहीना हे आधी बघून घेते, आणि डिटकोने त्या एवढ्याशा चौकटीत काकूला तस्संच काढलंय.

पण म्हणून पार्कर सामान्य? अहो ह्या पोराने शाळेत असताना घरच्या घरी ते जाळं फेकायचं रसायन आणि मनगटावरचं यंत्र स्वतः बनवलंय! आमच्या वेळी बोर्डात येणाऱ्या पोरांनासुद्धा हे जमलं नसतं. हुशार आहे, तरुण आहे, भिंतीवर चढतो आणि फक्त पैशाची तंगी आहे, ह्याला सामान्य नाही म्हणत, ह्याला होतकरू म्हणतात.

आता त्या १९६३ च्याच पहिल्या अंकातला एक प्रसंग सांगते जो तुमच्या लेखकाने एका ओळीतही घेतला नाही. स्पायडरमॅन पैसे कमवायला म्हणून स्टेजवर शो करतो. शो झकास होतो. मॅनेजर म्हणतो नाव सांग, मी चेक लिहितो. हा नाव सांगू शकत नाही, कारण मुखवटा. मग म्हणतो, लिहा स्पायडरमॅनच्या नावाने. आणि तो चेक घेऊन हा पठ्ठ्या त्या लालनिळ्या कपड्यात थेट बँकेत जातो. काउंटरमागचा माणूस शांतपणे विचारतो की ओळखीचा काही पुरावा आहे का? हा म्हणतो, हा माझा पोशाख बघा की. तो म्हणतो, पोशाख काय, कुणीही घालेल. संपला विषय, हा हात हलवत परत.

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे, आधी टोकन वाटली मग कॅशला बसले आणि शेवटी शेवटी केवायसीचे फॉर्म तपासण्यात डोळे घालवले. त्यामुळे तो प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या क्लार्ककडेच बघत बसले, स्पायडरमॅनकडे नाही. कारण चेकवर एक नाव आणि पासबुकात दुसरं असं घेऊन येणारी आणि "मॅडम मला सगळा वॉर्ड ओळखतो हो" म्हणणारी माणसं माझ्यासमोर रोज उभी असायची. वॉर्ड ओळखत असेल, व्हाउचर नाही ना ओळखत! आणि उद्या ऑडिटला ती एंट्री निघाली की कुणाला बोलावणार? वॉर्डाला नाही बोलावत, काउंटरवर सही कुणाची आहे ते बघतात. तर तो क्लार्क बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, आणि गंमत बघा, त्याला त्या गोष्टीत नावसुद्धा नाही.

पण मला ह्याहून मोठी गोष्ट दिसते ती अशी की स्पायडरमॅन गरीब राहिला तो ह्या क्लार्कमुळे. त्याने डोळे मिटून चेक वटवला असता तर पार्करने दर आठवड्याला एक शो केला असता, काकूचे दागिने सोडवले असते, एक चांगला फ्लॅट घेतला असता आणि ज्या गरिबीचं तुमचे लेखक एवढं कौतुक करतात ती दुसऱ्या अंकातच संपली असती. म्हणजे हिरोला जमिनीवर ठेवायचं काम एक साधा नोकरदार माणूस आपला नियम पाळून करतोय. कॉमिक्समधला सामान्य माणूस कोण असं मला विचाराल तर मी ह्याच्याकडे बोट दाखवेन. पहिल्या पानावर जसा होता तसाच जो शेवटच्या पानावर राहतो, तो सामान्य. ज्याला मध्येच पॉवर मिळते तो हिरोच असतो हो, फक्त उशिरा कळतं एवढंच.

सुपरमॅनचं तर आणखीनच उलटं आहे. १९३८ ला 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो आला, त्याचं रोजचं रूप तो क्लार्क केंट म्हणजे चष्मेवाला, घाबरट, पेपरात नोकरी करणारा. लोक त्याला सामान्य माणूस धरतात पण तो तर सोंग आहे ना! ज्याला सगळं जमतं तो सामान्य दिसायचं म्हणून काय काय करतो तर पोक काढतो, अडखळतो, बायकांसमोर गोंधळतो. म्हणजे आपण कसे दिसतो हे ह्यांच्या डोक्यात असं आहे, आणि हे बघून आपण खूश व्हायचं! मला राग येतो खरं सांगू का.

त्या सुपरमॅनपेक्षा मला तो बनवणारी दोन पोरं जास्त जवळची वाटतात. जेरी सीगल आणि जो शुस्टर, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची, ऐन विशीतली. त्यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. १३०! पुढे त्या नावावर कुणी किती कमावलं ते सगळ्या जगाला माहितीये आणि ही दोघं वर्षानुवर्षं कोर्टकज्जे करत बसली, शुस्टरची नजर अधू झाली, शेवटी १९७५ मध्ये पेपरात बोंब झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि सुपरमॅनच्या खाली त्यांची नावं परत लागली. पेन्शन मिळायला माणसाला काय काय करावं लागतं हे मला कुणी सांगायला नको, दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी जाते.

आणि त्याच क्लीव्हलंड गावाने पुढे १९७६ मध्ये ह्याचा जो जबाब दिला तो तुमच्या लेखात असायलाच हवा होता, आणि तो नाही ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हार्वी पेकार. हा माणूस तिथल्या सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात फाइल क्लार्क होता. फाइल क्लार्क! पेशंटच्या फाइली काढायच्या, ठेवायच्या. ह्याला जुन्या जॅझच्या रेकॉर्डी जमवायचा नाद होता आणि त्यातून त्याची रॉबर्ट क्रम्ब नावाच्या चित्रकाराशी ओळख झालेली, तो पुढे एकदम मोठा चित्रकार झाला. पेकारला स्वतःला चित्र काढता यायचं नाही, काड्यांची माणसं काढून तो चौकटी पाडायचा, त्यात संवाद लिहायचा आणि क्रम्ब आणि बाकीचे चित्रकार ते नीट काढायचे. 'अमेरिकन स्प्लेंडर' नाव ठेवलं. नावातच खवचटपणा आहे कारण आत वैभव वगैरे काही नाही, आत पेकारच आहे, त्याचं ऑफिस, त्याचे सहकारी, किल्ल्या हरवणं, गाडी सुरू न होणं, एकटेपणा, चिडचिड. स्वतःच्या खिशातून छापायचा, वर्षाला एक अंक, आणि त्यात पैसे घालवायचा.

त्यातली एक गोष्ट फार नावाजलेली आहे. पेकार सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभा आहे, एवढंच. आता रांग निवडायची आहे आणि त्याला अनुभवाने माहितीये की पुढे एखादी म्हातारी ज्यू बाई असली की ती कॅशियरशी दोन पैशांवरून घासाघीस करत बसणार आणि मागची रांग खोळंबणार. तो स्वतः ज्यू आहे त्यामुळे ह्या बायकांना चांगला ओळखतो. ह्यात ना कुणी उडत, ना काही फुटत, एक माणूस मनातल्या मनात वैतागतोय आणि क्रम्बने त्याच्या कपाळावरची आठी न् आठी काढलीय. मी हे वाचताना अर्थात काउंटरच्या पलीकडच्या बाजूने वाचलं, कारण त्या म्हातारीशी बोलणारी ती कॅशियर म्हणजे मीच की. सुट्ट्या पैशांवरून पाऊण तास भांडणारे आजोबा आमच्याही ब्रँचला होते आणि मागे उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर हुबेहूब हाच पेकार असायचा.

आणि पुढे काय झालं तर काहीच झालं नाही, हाच पॉइंट आहे. पेकारला नाव मिळालं, टीव्हीवर डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये अनेकदा बोलावलं, तिथं जाऊन हा त्या चॅनेलच्या मालक कंपनीविरुद्ध बोलून भांडण करून आला, पण नोकरी त्याने सोडली नाही, २००१ ला रीतसर रिटायर होईपर्यंत तो फाइलीच लावत होता, त्याच्यावर सिनेमा आला तोही त्यानंतर, २००३ मध्ये. मध्ये कॅन्सर झाला तर बायकोने आणि त्याने मिळून त्या सगळ्या वर्षाचं कॉमिक केलं, १९९४ मध्ये. घर घ्यायची धावपळ आणि केमोथेरपी एकाच वेळी चाललेली. कुठलाच कोळी चावला नाही ह्या माणसाला. २०१० मध्ये गेला.

आता कुणी म्हणेल बाई, तुम्ही सामान्य माणसाला फार डोक्यावर घेताय. नाही घेत. १९९४ चंच 'मार्व्हल्स' म्हणून चार भागांचं कॉमिक आहे, कर्ट ब्युसिकने लिहिलेलं आणि ॲलेक्स रॉसने रंगवलेलं, खरीखुरी माणसं समोर उभी करून पेंटिंग केल्यासारखं. त्यात हिरो आहेत सगळे, पण कॅमेरा रस्त्यावरच्या माणसाच्या हातात. फिल शेल्डन नावाचा प्रेस फोटोग्राफर. १९३९ पासून हे उडणारे, जळणारे लोक शहरात येतात आणि हा खाली उभा राहून मान वर करून बघतो. त्यांच्या मारामारीत उडालेला तुकडा लागून ह्याचा एक डोळा जातो, ज्यांची मारामारी चाललीय त्यांना पत्ताही नाही. दुसऱ्या भागात मात्र जे आहे ते मला आजही टोचतं. शहरात म्युटंट म्हणजे जन्मतःच पॉवर असलेल्या लोकांबद्दल अफवा पसरलेल्या आहेत, जमाव जमलाय, समोर एक्स-मेन ह्या म्युटंट टोळीची पोरं आहेत, आणि हा सभ्य, दोन मुलींचा बाप, पेपरवाला माणूस जमावात उभा राहून वीट उचलतो आणि मारतो. लागते ती वीट एका पोराला. नंतर घरी कळतं की ह्याच्या स्वतःच्या मुलींनी तळघरात एक म्युटंट पोरगी लपवलीय, मोठ्ठे डोळे, हाडाचा सापळा, घाबरलेली. आणि मग हा काय करतो, बाहेर जमाव आणि आत ती पोर, ते वाचाच तुम्ही.

तर सामान्य माणूस म्हणजे भोळा, बिचारा, सोसणारा असं जे आपण लावून धरलंय ना त्याला हे एक उत्तर आहे. वीट सामान्य माणूसच मारतो. व्हॉट्सॲपवर आलेलं खरं मानून पुढे ढकलणारेही आपणच आहोत, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातलाच सुरू होतं.

आता आपल्याकडे येते. इथं तुमच्या लेखकाने आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन घेतलाय आणि तो घ्यायलाच हवा, कॉमिक बुक नसलं तरी. १९५१ पासून तो रोजच्या पॉकेट कार्टूनमध्ये उभा राहिला. लक्ष्मणांनीच सांगितलंय की आधी ते बंगाली, पंजाबी, मद्राशी असे सगळ्या प्रांतांचे लोक गर्दीत काढायचे आणि पेपरच्या वेळेच्या घाईत एक एक कमी होत शेवटी हा चौकड्याच्या कोटातला एकटा उरला. म्हणजे सामान्य माणूस डेडलाइनमधून तयार झाला, हे मला भलतंच आवडतं. तो बोलत नाही, बघतो. पण घरात बोलतं कोण? त्याची बायको बोलते, भरपूर बोलते, आणि भाजी किती महागली हे तिला माहिती असतं. आता कॉमन मॅनचा पुतळा वरळी सी फेसला आहे, पुण्यात सिम्बायोसिसलाही आहे. बायकोचा पुतळा कुणी केलाय? तुमच्या पानभर लेखात सामान्य 'माणूस' शोधताना एकही बाई सापडली नाही, मेकाकूपण नाही, हे लिहिताना लेखकाला जाणवलं नसेल का?

व्यंगचित्रकार प्राण ह्यांच्या हिंदी कॉमिक्समध्ये बघा. चाचा चौधरी १९६९ मध्ये 'लोटपोट'मध्ये आले, लाल पगडी, पांढऱ्या मिश्या, हातात काठी, आणि त्यांचं डोकं कॉम्प्युटरपेक्षा फास्ट चालतं. अमेरिकेत साध्या पोराला पॉवर देतात, इथं उलटं केलंय. पॉवर सगळी साबूकडे, गुरू ग्रहावरून आलेला, राग आला की कुठंतरी ज्वालामुखी फुटतो, आणि हिरो कोण तर म्हातारे चाचा. साबू त्यांच्याकडे राहतो, त्यांचं ऐकतो, कारण शेवटी घर त्यांचं. ही आयडिया माझ्या मते कुठल्याही स्पायडरमॅनपेक्षा भारी आहे, राक्षसाला मारायचं नाही की व्हायचं नाही, घरात ठेवून घ्यायचं आणि जेवायला घालायचं. पण मग साबू परत का गेला नाही? कारण त्याला चाचींच्या हातचे पराठे आणि हलवा आवडला! अहो मग ते पराठे लाटले कुणी? असल्या आडदांड माणसाला दोन वेळा पोटभर घालायचं म्हणजे कणिक किती मळावी लागत असेल, गॅस किती जात असेल, ह्याचा हिशोब एकाही अंकात नाही. चाचींच्या हातात लाटणं दिसतं ते चोराला मारायला किंवा चाचांवर उगारायला. जगातली सगळ्यात मोठी ताकद पृथ्वीवर थांबली ती एका बाईच्या पोळपाटामुळे, आणि कव्हरवर कोण तर चाचा, साबू आणि कुत्रा.

हां, प्राणनीच 'श्रीमतीजी' पण केली, ती शहरातली गृहिणी, नवरा, साडी खरेदी, पाहुणे. पण त्यातही विनोद बहुतेक वेळा तिच्यावर. 'टिंकल'मधला सुपंडी राम वाईरकरांनी काढलेला, चित्र म्हणून अफलातून, पण तो घरकामाला असलेला पोरगा आणि त्याचं वेडेपण म्हणजे मालकाने सांगितलेलं शब्दशः करणं. लहानपणी हसलो, आता हसताना जरा इकडेतिकडे बघावं लागतं.

इंद्रजाल कॉमिक्स आम्ही मराठीतून वाचले, वेताळ म्हणजे फँटम आणि जादूगार मँड्रेक, स्टेशनच्या स्टॉलवरून किंवा भाड्याने आणून, कव्हर फाटलेलं असायचं. ह्या सगळ्या परदेशी पाहुण्यांमध्ये १९७६ साली एकदम बहादूर आला, आबिद सुरती ह्यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया ह्यांनी काढलेला. मुखवटा नाही, अंगठी नाही, कुडता आणि जीन्स! डाकूचा मुलगा, बापाला पोलिसांनी मारलेलं आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने मारलं त्यानेच ह्याला वाढवलेलं, आणि मोठा होऊन हा काय करतो तर गावातल्या लोकांना एकत्र करून नागरिकांचं सुरक्षा दल काढतो. म्हणजे डाकू आले की आकाशातून कुणी येत नाही, गावातलीच माणसं उभी राहतात. आता मारामारी बहादूरच जास्त करतो हे खरं, तो देखणाही आहे, बाकीचे गावकरी मागे अंधुक काढलेत, पण तरी. त्या काळात एवढं तरी कुणी केलं होतं?

आणि त्या आबिद सुरतींचं पुढचं जे आहे ते कुठल्याच कॉमिकमध्ये नाही. २००७ पासून हा माणूस, वयाची सत्तरी ओलांडलेला, मीरा रोडला दर रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन बिल्डिंगा बिल्डिंगांतून फिरून घरोघरचे गळणारे नळ फुकट दुरुस्त करायला लागला. वॉशर बदलायचा, पुढच्या घरी. ठिबक ठिबक गळणाऱ्या नळातून महिन्याला किती पाणी जातं ते बघून हे सुचलं म्हणे. ज्याने हिरो लिहिला त्याने स्वतः रविवारी पान्हा पिशवीत टाकून लोकांची बेल वाजवायची, ह्यावर खरंतर तुम्ही अख्खी पुरवणी करायला हवी होती, आणि तीही मीरा रोड तुमच्या ऑफिसपासून एवढं जवळ असताना!

लेखात ते पवित्र प्रभाकरचं कौतुक आहे, भारतीय स्पायडरमॅन, २००४ चा. मुंबईतला आहे म्हणून आपला, असं. मी वाचलाय तो. खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईत आलेला पोरगा, काका भीम, काकू माया, आणि पॉवर देतो एक योगी, आणि मग हा धोतर नेसून मुंबईवर उडतो. चित्रं सुंदर आहेत, पण मुंबईतला साधा पोरगा दाखवायला धोतर कशाला हो? त्याच्या खिशात लोकलचा पास दाखवा, सेकंड क्लासचा, प्लॅस्टिकच्या कव्हरात, कडा झिजलेला. विरार फास्टला दारात लटकणाऱ्या पोराला भिंतीवर चिकटायची पॉवर वेगळी द्यावी लागत नाही.

ह्याच्याउलट ती कमला खान बघा, न्यू जर्सीतली, जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, २०१४ ला तिचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं. माझी भाची तिकडेच राहते, तिने मला पहिला अंक दिला. कमलाला पॉवर मिळते आणि पहिल्या फटक्यात ती काय होते, तर गोरी, सोनेरी केसांची, उंच बाई होते! कारण हिरोईन म्हणजे तशीच दिसते हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि मग तिला कळतं की हे अंगाला टोचतंय, केस तोंडात येतायत, नको हे. भाची म्हणाली मावशी, शाळेत मला अस्संच वाटायचं. आता हिलाही पॉवर मिळाली, त्यामुळे माझ्या हिशोबात ती सामान्य नाही बसत, पण सामान्य कुणाला धरायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिने बरोब्बर पकडलाय. इतकी वर्षं अमेरिकन कॉमिक्सने सामान्य म्हटलं की गोरा, नोकरीवाला, पुरुष असं धरलं आणि आपण इथं डोंबिवलीत बसून तेच खरं मानलं.

मराठीत मात्र हे काम कुणी नीट केलं असेल तर ते चिंटूने. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांचा चिंटू, १९९१ पासून पेपरात रोज यायला लागला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, ते जोशीकाकू, सतीशदादा. ह्यात कधीच काही घडत नाही! परीक्षा येते, पाऊस येतो, आंबे येतात, जोशीकाकूंची काच फुटते. चिंटूचे पप्पा ऑफिसमधून येऊन पेपर घेऊन बसलेले आणि मुलाच्या प्रश्नाने त्यांचा पेपर किंचित खाली येतो, बस्स, तेवढी एक रेघ बदललेली असते आणि आपल्याला सगळं कळतं. आमच्या ब्रँचमध्ये सकाळी कॅश उघडायच्या आधी तो आधी वाचला जायचा, हेडलाइन नंतर. कुणी कापून काचेखाली ठेवायचं. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं काढा, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टेबलच्या काचेखाली एक दिसला.

आणि आता तक्रार. तुमच्याही पेपरात शेवटच्या पानावर रोज तीन चौकटींचं एक कार्टून यायचं, साधं घरगुती, नवरा बायको आणि सासू. ते न सांगता बंद केलंत आणि तिथं राशिभविष्य मोठ्या टायपात आलं. मी फोन केला होता तर पलीकडच्या मुलाने जाहिरात विभागाला जोडून दिलं! सामान्य माणसावर रविवारी पानभर लिहायचं आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याची तीन चौकटींची जागाही काढून घ्यायची हे काही बरोबर नाही. एखादा नवीन मुलगा किंवा मुलगी शोधा, जे.जे. आर्ट स्कूलमधून दरवर्षी एवढी पोरं बाहेर पडतात, त्यांना एसटीतली, रेशनच्या रांगेतली, अंगणवाडीतली माणसं काढू द्या. आणि मानधन नीट द्या, १३० डॉलरवर भागवू नका.

पत्र फार लांबलंय हे मला कळतंय. जागा नसेल तर कापा, सुपरमॅनचा भाग कापलात तरी चालेल, पण चाचींच्या पोळपाटाचं आणि आबिद सुरतींच्या नळाचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक निवृत्त कॅशियर,
डोंबिवली (पूर्व)